पाल्य, वय वर्षे एकावन्न

एकावन्नाव्या वर्षी मी नर्सिंग शिकायचं ठरवलं आणि ते घरात जाहीर केलं, तेव्हा बायको गादीवर चादर घालत होती. मला वाटलं होतं ती दचकेल, निदान मटकन खाली तरी बसेल. ती म्हणाली, "शिका की. पण आधी ते दुसरं टोक धरा."

मी टोक धरलं. ते आडवं निघालं.

कारण थोडक्यात सांगतो, कारण ते आहेच थोडकं. सव्वीस वर्षं मी टेलिफोन डिरेक्टरीचा मुद्रितशोधक होतो. लाखो लोकांची नावं आणि नंबर मी डोळ्यांत तेल घालून तपासले आणि त्यातल्या एकानेही मला कधी फोन केला नाही. पुढे लोकांचे नंबर लोकांच्या खिशात राहायला गेले आणि आमची कचेरी बंद झाली. त्याच सुमारास वडील अंथरुणाला खिळले. आठ महिने त्यांचं सगळं मी केलं. जायच्या आधी एकदा ते म्हणाले, "एवढ्या आयुष्यात हे एक काम तुला नीट जमलं बघ." वडिलांनी माझं कौतुक केल्याची ही एकमेव नोंद. त्यातच पेपरात आलं की नर्सिंगच्या प्रवेशाला वयाची अट यंदापासून राहिलेली नाही. अट उठवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मी होतो असं मला म्हणायचं नाही. बहुधा त्यांच्या डोळ्यांसमोर पस्तिशीतलं कोणीतरी असावं.

बातमी खालच्या मजल्यावर पोचायला दहा मिनिटं लागली. तिथे एक निवृत्त पोस्टमास्तर राहतात. आयुष्यभर दुसऱ्यांचे निरोप वेळेवर पोचवायची सवय लागल्यामुळे ते अजूनही थांबू शकत नाहीत. ते लगेच वर आले.

"नर्सिंग?" ते म्हणाले. "अहो, त्यात उभं राहावं लागतं. त्यापेक्षा ज्योतिष शिका. बसून करायचं काम आहे, आणि चुकलात तरी दहा वर्षं कोणाला कळत नाही."

मी त्यांचा सल्ला मानला नाही. आज विचार करता, निदान उभं राहण्याबद्दल त्यांचं म्हणणं खरं होतं.

प्रवेशाच्या खिडकीतल्या कारकुनाने माझे कागद घेतले, चाळले आणि विचारलं, "मुलगी कुठाय?"

"कुठली मुलगी?"

"जिचा प्रवेश आहे ती."

"मुलगी नोकरीला लागली. प्रवेश माझा आहे."

त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढून मला नखशिखांत पाहिलं. माझ्या मागच्या रांगेतल्या अठरा-अठरा वर्षांच्या पोरींनीही पाहून घेतलं. मग तो कागदांकडे वळला. कागदांत त्याचं मन जास्त रमत होतं. "शिक्षणात खंड पडल्याचं प्रतिज्ञापत्र लागेल. किती वर्षांचा खंड आहे?"

"तेहतीस."

"तीन?"

"तेहतीस."

प्रतिज्ञापत्राचा छापील मसुदा होता. त्यात मी शपथेवर असं लिहून दिलं, की सदर तेहतीस वर्षांच्या काळात मी कोठेही काहीही शिकलो नाही. नोटरीने शिक्का मारता मारता माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. बायकोने तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाली, "हे एकदा कायदेशीर झालं ते बरं झालं."

कागद घेऊन मी पुन्हा खिडकीपाशी. आता कारकुनाने शेवटचं पान उलटलं. "पालकांची सही राहिली."

"मी स्वतःच पालक आहे."

"तुम्ही कोणाचेही पालक असा हो. तुमचे पालक कोण?"

हा प्रश्न मला गेल्या तीस वर्षांत कोणी विचारला नव्हता. जरा हललोच मी. माणूस हापिसात जातो, लग्न करतो, घराचे हप्ते फेडतो, पण रात्रंदिवस त्याच्या मनात कुठेतरी हाच प्रश्न असतो, असं मला तिथे उभ्या उभ्या वाटून गेलं. मी म्हटलं, "बायकोची सही चालेल का?"

"आई किंवा वडील. फॉर्मवर लिहिलंय."

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन गेलो. आई शहात्तर वर्षांची आहे, गुडघे सोडले तर ठणठणीत. तिने चष्मा लावून हमीपत्र मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "'माझा पाल्य संस्थेच्या आवारात गैरवर्तन करणार नाही, याची मी हमी देते...' हे मी कसं लिहून देऊ? लग्न झाल्यापासून त्याची जबाबदारी सुनेकडे आहे."

"आई, सही कर ना."

"करते रे. वाचू तरी देशील? तुझ्या शाळेतल्या कागदांवरही मी न वाचता सही करायची. बघितलंस ना, काय झालं."

मागच्या पोरी खिदळल्या. त्यातल्याच एकीने पहिल्या तासाला मला विचारलं, "काका, इथे कोणी बसलंय का?" आणि त्या क्षणापासून मी अख्ख्या वर्गाचा काका झालो. वर्गात एकोणचाळीस मुली, एक मुलगा आणि एक काका. आमच्या ट्यूटरबाई माझ्याहून बारा वर्षांनी लहान. त्या सगळ्या विद्यार्थ्यांना 'तू' म्हणत. माझ्यापाशी आल्या की त्यांची पंचाईत व्हायची. "तू काल तास का बुडवलास... बुडवलात?" असं त्या वाक्याच्या शेवटी मला वर ओढून घेत. रागाच्या भरात मात्र ओढायचं राहून जाई, आणि खरं सांगतो, ते मला बरं वाटायचं. तेवढाच वेळ मी विद्यार्थी वाटायचो.

अभ्यास घरी करावा लागे. बँडेज बांधायचा सराव मी बायकोवर करत असे. एका रविवारी डोक्याचं बँडेज होतं. ते फार अवघड असतं. कपाळावरून, मागून, कानामागून, पुन्हा कपाळावरून. अर्ध्या तासाने तिचा फक्त एक डोळा आणि नाकाचं टोक बाहेर राहिलं होतं, आणि गुंडाळीचं दुसरं टोक मला सापडत नव्हतं. इतक्यात बेल वाजली. मी पुस्तकात बघत होतो, म्हणून तीच उठून दार उघडायला गेली.

दारात पोस्टमास्तर. ते दोन पावलं मागे सरले. "वहिनी! हे काय झालं?"

बायकोच्या तोंडावरून एक पट्टी गेली होती, त्यामुळे तिला थोडक्यातच बोलता येत होतं. ती म्हणाली, "ह्यांनी केलं."

संध्याकाळपर्यंत निरोप सगळ्या बिल्डिंगमध्ये पोचला. सोसायटीचे तिघेजण माझी समजूत घालायला आले. नोकरी गेली की पुरुषाचं असं होतं, पण त्याचा राग घरच्या माणसावर काढू नये, असं त्यांनी मला फार सौम्य शब्दांत सांगितलं. मी पुस्तक उघडून आकृती दाखवली. त्यांनी आकृतीकडे पाहिलं, मग अजून तशीच गुंडाळलेल्या माझ्या बायकोकडे पाहिलं. दोन्हींत काही साम्य नव्हतं. बायकोने मनात आणलं असतं तर एका वाक्यात माझी सुटका केली असती. ती आत चहा टाकायला गेली आणि बराच वेळ आली नाही.

हे सगळं मी सोसलं, कारण वॉर्डात मला वेगळंच सुख मिळायला लागलं होतं. ते सांगायला मला अजूनही लाज वाटते. माझे केस पूर्ण पांढरे आहेत. चष्मा सोनेरी काड्यांचा आहे, तो डिरेक्टरीच्या बारीक टायपाने दिलेला. अंगावर संस्थेचा पांढरा शर्ट. आमच्या वॉर्डातले खरे डॉक्टर तिशीतले, विस्कटलेले, झोप न झालेले. त्यामुळे पेशंटचे नातेवाईक मला बघून उठून उभे राहत. खुर्ची सोडत. एका बाईंनी मला वाकून नमस्कार केला. सव्वीस वर्षांच्या नोकरीत माझ्यासाठी कोणी खुर्चीचं एक टोकही सोडलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात मी घाईघाईने सांगत असे, "अहो, मी डॉक्टर नाही." दुसऱ्या आठवड्यात घाई कमी झाली. तिसऱ्या आठवड्यात मी नुसता हसायला लागलो.

सोळा नंबरच्या कॉटवर एक घड्याळजी होते. बाजारात घड्याळं दुरुस्त करायचं त्यांचं लहानसं दुकान. साखरेच्या आजारात पायाला जखम झालेली, बरी होत नव्हती. माणूस चिडका आणि बारकाईचा. मी त्यांची नाडी मोजायला गेलो की माझ्या मनगटावरचं घड्याळ बघून म्हणत, "हे चार मिनिटं मागे आहे. माझी नाडीही चार मिनिटं मागे लिहाल." दुकान बंद आहे म्हणून ते रोज घरी जायचा हट्ट धरत.

एके दिवशी सकाळी मी वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाच्या पेशंटचं बेडपॅन घेऊन निघालो होतो. वर पांढरा कपडा झाकलेला. भांडं चांगलंच भरलेलं, त्यामुळे मी सावकाश, पाठ ताठ, नजर सरळ समोर ठेवून चालत होतो. या चालीला लोक भारदस्त म्हणतात. श्वासही रोखून धरला होता, का ते सांगायला नको. घड्याळजींनी चष्मा काढून ठेवला होता. ते उठून बसले आणि हात जोडून म्हणाले, "मोठे साहेब, आता मी घरी जायला हरकत नाही ना?"

मी मान हलवली.

श्वास रोखला होता म्हणून बोलता आलं नाही, असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं. ते अर्धंच खरं आहे. 'मोठे साहेब' हे शब्द कानावर पडले आणि मान आपोआप हलली. हा उरलेला अर्धा भाग मी आज पहिल्यांदा सांगतो आहे.

दुपारी इंजेक्शनच्या फेरीला ट्यूटरबाई आल्या, तर सोळा नंबरची कॉट रिकामी. चादर व्यवस्थित घडी घालून ठेवलेली.

"पेशंट कुठे गेला?"

पंधरा नंबर म्हणाले, "घरी. मोठ्या डॉक्टरांनी सोडलं."

"कोणी सोडलं?"

"ते उंच. पांढरे केस, सोनेरी चष्मा. हातात कपड्याखाली कसलंसं यंत्र होतं."

ट्यूटरबाईंनी मनातल्या मनात सगळे डॉक्टर मोजून पाहिले असावेत. सगळ्यात मोठे डॉक्टर आहेत ते टकले. मग त्यांची नजर हळूहळू वॉर्डभर फिरत माझ्यावर येऊन थांबली. "तू!" त्या म्हणाल्या. 'तुम्ही' करायला त्या परत आल्याच नाहीत.

प्राचार्यबाईंच्या खोलीत मला अर्धा तास उभं केलं होतं. घड्याळजींच्या केसपेपरवरचा फोन लावला, तर तो एका शाळेत लागला. आकडा चुकला होता. तिनाच्या जागी आठ. मी सवयीने म्हणालो, "तीन आणि आठ हे कायमचं दुखणं आहे हो." प्राचार्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पुढचं बोललो नाही.

"त्या पेशंटची जखम आत पसरते आहे," त्या म्हणाल्या. "आज औषध चुकलं तर पाय जाईल. ॲम्ब्युलन्स घ्या, पत्ता घ्या आणि त्यांना परत आणा. माणूस ऐकणारा नाही, पण तो तुमच्या शब्दाखातर गेलाय, तुमच्याच शब्दाखातर येईल. आला नाही तर तुमचं नाव आज कमी होईल. आणि तुमच्या पालकांना मी बोलावलं आहे."

आई तोवर रिक्षाने पोचलीसुद्धा होती. प्राचार्यांनी तिला सगळं सांगितलं. मी भिंतीला टेकून उभा. मुलींपैकी तीन-चार जणी उगाचच दारावरून येत-जात होत्या. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "याला खोटं बोलायची सवय नाही हो. गप्प बसायची आहे. लहानपणापासून. काच फुटली की हा कधीच 'मी नाही' म्हणायचा नाही. नुसता उभा राहायचा. लोकांना वाटायचं दुसऱ्याने फोडली."

मग तिने पदर सारखा केला आणि माझ्याबरोबर ॲम्ब्युलन्समध्ये चढली. ड्रायव्हर म्हणाला, "आजी, नातेवाईकांना चालत नाही." आई म्हणाली, "मी नातेवाईक नाही. मी पालक आहे."

घड्याळजींचं घर दुकानाच्या मागेच, एकाच खोलीचं. भिंतीवर तेरा-चौदा घड्याळं, सगळी एकाच वेळी तीच वेळ दाखवणारी. घड्याळजी कॉटवर पडले होते, अंगावर दोन पांघरुणं. त्यांची बायको मला बघताच उठून उभी राहिली. "साहेब स्वतः आले!" ती म्हणाली आणि घरातली एकुलती एक खुर्ची पदराने पुसायला लागली.

मी म्हणालो, "यांना परत न्यायला आलोय."

"का बरं? तुम्हीच तर सकाळी सोडलंत."

सोपी वाट समोर होती. 'मी विचार बदलला' एवढं म्हटलं असतं की काम झालं असतं. मोठे साहेब विचार बदलतात. खुर्ची पुसून झाली होती. मी आईकडे पाहिलं. ती भिंतीवरची घड्याळं बघत होती. फार लक्ष देऊन.

"मी डॉक्टर नाही," मी म्हणालो. "मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी आहे. तुम्हाला घरी सोडायचा मला काही अधिकार नव्हता. माझ्या हातात यंत्र नव्हतं, बेडपॅन होतं."

घड्याळजी कोपरावर टेकून उठले. "विद्यार्थी? मग ते डोक्यावरचे पांढरे केस कसले?"

"ते घरचे आहेत."

"आणि ह्या कोण?"

"माझी आई. शाळेतून बोलावणं आलं म्हणून आली आहे."

घड्याळजी तोंड उघडं टाकून बघत राहिले आणि मग हसायला लागले. हसता हसता थरथरायला लागले. ती थरथर हसण्याची नव्हती. मी जवळ गेलो, हात कपाळावर ठेवला, तो चटकन मागे घ्यावासा वाटला. नाडी धरली आणि त्यांच्याच भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंद काटा धरून मोजली. एकशे वीस. पांघरूण सारलं. पट्टीच्या वर लाल रेघ नडगीवर चढत होती. सकाळी अंघोळ घालताना ती नव्हती, हे मला नक्की माहीत होतं, कारण अंघोळ मीच घातली होती.

"हे बघा," मी म्हणालो. माझा आवाज जरा मोठाच निघाला. "ही रेघ दिसतेय ना? ही वर चढली की पाय जातो. दुकान राहू द्या. तुम्ही आत्ता निघायचं."

"विद्यार्थी असून हुकूम करता?"

"हो. आणि भीती वाटतेय म्हणून करतोय."

त्यांनी पाय खाली सोडले. दरवाज्यापर्यंत त्यांना मी आणि ड्रायव्हरने उचललं. माझी आई मागून त्यांच्या चपला घेऊन आली.

डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी जखम उघडून साफ केली. करंगळी गेली, पाय राहिला. करंगळी तशीही जाणारच होती, असं डॉक्टर म्हणाले. ते वाक्य मी एकदाच ऐकलं. पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही.

मला शिक्षा झाली. तीन आठवडे फक्त बेडपॅन धुण्याच्या खोलीत काम. शिवाय प्राचार्यांनी स्वतः एक बिल्ला करून घेतला आणि माझ्या छातीवर लावला. बाकीच्यांचे बिल्ले बोटाएवढे असतात. माझा तळहाताएवढा होता, दुकानाच्या पाटीसारखा. त्यावर ठळक अक्षरांत 'प्रथम वर्ष विद्यार्थी'. मी तो घेतला तेव्हा आधी शुद्धलेखन तपासलं. त्यात चूक नव्हती. ही एक आशाही संपली.

बिल्ल्यामुळे खुर्च्या सुटायच्या बंद झाल्या. लोक मला बाजूला व्हायला सांगू लागले. तीन आठवडे संपून मी वॉर्डात परत आलो त्या दिवशी सकाळी, बावीस नंबरजवळ माझ्याच वयाचा एक गृहस्थ उभा होता. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात एक लहान डबा, आणि कॉटवर त्याचे म्हातारे वडील डोळे मिटून पडलेले. मला बघून तो म्हणाला, "डॉक्टर..." मी न बोलता छाती पुढे केली. त्याने बिल्ला वाचला.

"विद्यार्थी होय?" त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या जवळ सरकला. त्याचे खांदे एकदम खाली आले होते. "बरं झालं. मग तुम्हालाच विचारतो. डॉक्टरांना कसं विचारायचं हे? यांची दाढी करायची आहे. उद्या घरी न्यायचं आहे, बहिणी येणार आहेत बघायला. पण मी यांच्या गालाला आयुष्यात कधी हात लावलेला नाही. गाल आत गेलेत, पातं लागेल असं वाटतं. हा दाढीच्या सामानाचा डबा घेऊन अर्धा तास उभा आहे."

मी कोमट पाणी आणलं. टॉवेल भिजवून म्हाताऱ्यांच्या गालांवर ठेवायला त्याला सांगितलं. मग त्याची बोटं धरून दाखवलं, कातडी अशी वर ओढायची, की घडी राहत नाही. त्याची बोटं गार पडली होती. साबण लावताना त्याने वडिलांच्या हनुवटीखाली हात धरला, आधी नुसता टेकवला, मग नीट धरला. पात्याचा पहिला हात माझ्या हाताखाली फिरला. दुसरा त्याचा त्याने फिरवला आणि श्वास सोडला.

म्हाताऱ्यांनी एक डोळा उघडला. आधी मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या बिल्ल्याकडे.

"शिकाऊ कोण आहे तुमच्यात?" त्यांनी विचारलं.

"दोघंही," मी म्हणालो.

"मग सावकाश चालू द्या," ते म्हणाले आणि दुसरा गाल वर करून डोळा मिटला.